रानभाजी कुठली आणि विष कुठलं? सव्वाशे वर्षांपूर्वी याची नोंद ठेवणारा मराठी डॉक्टर

पहिला पाऊस पडला की मोबाईलवर रानभाज्यांचे रील्स सुरू होतात. कुणी बांधावरचं तण उपटून कढईत टाकतं, कुणी ‘ही भाजी कॅन्सर पळवते’ म्हणून सांगतं. खाली कमेंटमध्ये एक जण विचारतो, ‘आमच्याकडे पण हीच उगवते, खाल्ली तर चालेल का?’ उत्तर येतं, ‘बिनधास्त.’

आता ज्याने उत्तर दिलं त्याने ती वनस्पती पाहिलेली नसते. आणि ज्याने विचारलं त्याच्या अंगणात तीच वनस्पती आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे त्यालाही ठाऊक नसतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी रील्स नव्हते, पण हा घोळ होताच. तो निस्तरण्यासाठी एका मराठी माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. पेशाने सर्जन, इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नल, आवडीने वनस्पतींचा अभ्यासक आणि वर मराठी कवी. इतका नावाजलेला की साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला.

त्यांचं नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

आधी माणदेशात जाऊ

कीर्तिकरांचं काम का महत्त्वाचं होतं हे समजायचं असेल, तर आधी दुष्काळ समजून घ्यावा लागतो. आणि महाराष्ट्रात दुष्काळ म्हटलं की माणदेशाचं नाव येतंच.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातला आटपाडीचा भाग म्हणजे माणदेश. सह्याद्रीत धो-धो पाऊस पडतो, पण ढग इकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. माणगंगा नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी.

अशा भागात रानभाजी ही हौस नसते. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुरडू, कडवंची या भाज्या कुणी पेरत नाही. चार सरी पडल्या की त्या माळावर आणि बांधावर आपल्या आपण येतात. भाकरीसोबत कालवण करायला घरात काही नसलं की बाया रानात जाऊन ओटी भरून भाजी आणायच्या.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनला मोठ्या दुष्काळाने गाठलं. लाखो माणसं मेली. माणदेशात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारने दुष्काळी कामं काढली. म्हसवडचा तलाव, ज्याला आज राजेवाडीचा तलाव म्हणून ओळखतात, तो याच काळातल्या दुष्काळी कामाचा.

धान्य संपलं की माणूस रानाकडे वळतो. एरवी ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही ती मुळं, कंद, बिया, पाला खायला लागतो. आणि इथेच धोका सुरू होतो. कारण आजीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या भाज्या संपतात आणि माहीत नसलेल्या सुरू होतात.

या दुष्काळानंतर सरकारलाही याची गरज कळली. मूळचे गोव्याचे डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयोगी वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ तयार केला. मुंबई गॅझेटियरचा २५ वा खंड म्हणून तो १८८६ मध्ये निघाला. दुष्काळात लोकांनी काय काय खाल्लं, त्या वनस्पतींचीही नोंद त्यात होती.

म्हणजे काय खाता येतं याची यादी झाली. काय खाऊ नये, आणि का खाऊ नये, हे सविस्तर सांगणं बाकी होतं. ते काम कीर्तिकरांनी अंगावर घेतलं.

पाठारे प्रभूंच्या घरातला सर्जन

कीर्तिकरांचा जन्म १८४९ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजातला. मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी हा समाज. शिकलेला, सरकारी नोकरीत पुढे असलेला आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत भलताच चोखंदळ.

या समाजाच्या स्वयंपाकघरात आजही एक रानभाजी मानाची आहे, ती म्हणजे शेवळं. पहिल्या पावसात ठाणे-रायगडच्या जंगलात जमिनीतून वर येणारे हे सुरणाच्या कुळातले कोंब. चवीला जबरदस्त, पण नुसते शिजवून खाल्ले तर घसा असा खाजतो की विचारू नका. कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळं निवडायची पद्धत ठरलेली, आतला ठराविक भाग काढून टाकायची पद्धत ठरलेली आणि शिजवताना काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालायची पद्धतही ठरलेली. शेवळं विकणारी बाई सोबत काकडं ठेवतेच.

एकच वनस्पती नीट केली तर मेजवानी, नाहीतर शिक्षा. हे ज्ञान तेव्हा फक्त बायकांच्या हातात आणि तोंडात होतं. कागदावर नव्हतं.

कीर्तिकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकले. पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आयएमएसमध्ये गेले. ही सेवा म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरांचं आयसीएस. परीक्षा लंडनला व्हायची आणि निवडले जाणारे बहुतेक सगळे गोरे असायचे. अशा सेवेत शिरून कीर्तिकर लेफ्टनंट कर्नल हुद्द्यापर्यंत पोहोचले.

त्यांच्या नोकरीतला महत्त्वाचा काळ गेला ठाण्यात. तेव्हाचा ठाणे जिल्हा केवढा होता? आजचा पालघर आणि मुंबईची उपनगरं धरून. खाडी, खाजण, जंगल, डोंगर, सगळं त्यात. वनस्पतींचं वेड असलेल्या माणसाला यापेक्षा चांगली पोस्टिंग मिळाली नसती.

वेड म्हणजे किती? वज्रेश्वरीच्या परिसरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात लोक अंघोळीला जातात. कीर्तिकरांनी तिथल्या गरम पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाचा अभ्यास करून १८८६ मध्ये त्यावर लेख लिहिला. बुरशी, शेवाळ, वेली, झाडं, त्यांना काहीही वर्ज्य नव्हतं. लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं होतं.

विषाशी संबंध कसा आला?

त्या काळात जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचं काम फक्त ताप-खोकल्याचं नव्हतं. संशयास्पद मृत्यू झाला की प्रेत त्याच्याकडे यायचं आणि विषबाधेची शंका असेल तर कोर्टात त्याचं मत विचारलं जायचं.

आणि एकोणिसाव्या शतकात विष म्हणजे बऱ्याचदा वनस्पतीच. वाटसरूंना धोतऱ्याच्या बिया खाण्यात घालून लुटण्याचे प्रकार देशभर व्हायचे. गुंजेच्या बिया वाटून त्याच्या टोकदार सुया करायच्या आणि दुसऱ्याच्या जनावराला टोचून मारायचं, हाही उद्योग चालायचा. कण्हेरीचं मूळ तर कुठल्याही अंगणात मिळायचं.

म्हणजे डॉक्टरला झाड ओळखता येणं ही हौस राहिली नाही, ती ड्युटी झाली. पोटात सापडलेली बी कशाची हे सांगता आलं नाही तर रोग्यावर उपचारही होणार नाही आणि न्यायही.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली होती. संस्थापक आठ, त्यातले दोन मराठी डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. यातल्या सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्येच मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची छापली होती. या परंपरेत कीर्तिकर आले आणि सोसायटीच्या कामात रमले.

सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक लेखमाला सुरू केली. नाव होतं ‘द पॉयझनस प्लांट्स ऑफ बॉम्बे’, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पती. १८९० च्या दशकात सुरू झालेली ही माला १९०० नंतरही काही वर्षं चालू होती. एकेक वनस्पती घ्यायची, तिचं शास्त्रीय नाव, देशी नावं, मुळापासून बीपर्यंत वर्णन, ती कुठे उगवते, कोणता भाग विषारी, माणसावर काय परिणाम होतो, हे सगळं चित्रासह मांडायचं.

आज हे साधं वाटेल. पण या मांडणीतच खरी गोष्ट दडली आहे.

नावावर विश्वास ठेवू नका

रानातल्या वनस्पतींची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्यांची नावं. एकाच झाडाला दर वीस मैलांवर वेगळं नाव असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळ्या झाडांना एकच नाव असतं.

घोळीचंच बघा. घोळ ही माणदेशात आवडीने खाल्ली जाणारी भाजी. जमिनीला चिकटून पसरते, देठ लालसर, पानं जाडसर. तशीच जमिनीला चिकटून पसरणारी, लालसर देठांची दुसरी तणं असतात. त्यांना नायटी किंवा दुधी म्हणतात. ती भाजी नाही. तिचं देठ मोडलं की पांढरा चीक येतो, घोळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो.

मग सोपा नियम करून टाकायचा का, की चीक आला तर विषारी? नाही. कारण पाथरीच्या पानातूनही पांढरा चीक येतो आणि पाथरी लोक मजेत खातात.

कडू लागलं तर विषारी, हा नियम चालेल? तोही अर्धाच. कारलं कडूच असतं. पण एरवी गोडसर लागणारा दुधी भोपळा कडू निघाला तर मात्र तो टाकूनच द्यायचा. त्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं वाढलेली असतात. कडू भोपळ्याचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने असा रस पिऊ नका म्हणून सांगितलं आहे.

शेळी खाते म्हणजे माणसालाही चालतं, हा तिसरा नियम. हा तर सगळ्यात घातक. शेळीचं पोट वेगळं, आपलं वेगळं.

एका ओळीचा कुठलाच नियम सगळ्या वनस्पतींना लागू होत नाही. म्हणून प्रत्येक वनस्पतीची ओळख वेगळी, पूर्ण आणि चित्रासकट करावी लागते. कीर्तिकरांनी देशी नावं, शास्त्रीय नाव आणि चित्र एकत्र बांधलं, ते यासाठीच. नाव चुकलं तर चित्र सावरेल, चित्र फसवं वाटलं तर वर्णन सावरेल.

झाड तेच, विष कधी?

विषारी वनस्पती म्हटलं की डोक्यात येतं ते एखादं पूर्ण विषारी झाड. अशी झाडं आहेतच. पण रानातून खाणाऱ्याला जास्त त्रास होतो तो अर्ध्या विषारी वनस्पतींचा. म्हणजे एका वेळी चालणाऱ्या, दुसऱ्या वेळी न चालणाऱ्या. यातल्या काही गोष्टी प्रत्येक रानभाजीप्रेमीने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

कोणता भाग? माणदेशातली कडवंची घ्या. काळ्या रानात पावसाळ्यात येणारी, छोट्या कारल्यासारखी फळं देणारी वेल. फळांची भाजी म्हणजे चैन. पण याच वेलीचा जमिनीतला कंद खात नाहीत. गर्भ पाडण्यासाठी त्याचा वापर होत आल्याची नोंद जुन्या ग्रंथांत आहे. वेल एकच, वर भाजी आणि खाली धोका.

किती कोवळं? टाकळा, ज्याला काही भागात तरोटा म्हणतात, त्याची कोवळी पानं पावसाळ्याच्या सुरुवातीला खातात. पुढे तो वाढतो, शेंगा धरतो आणि भाजी म्हणून संपतो. त्याचाच भाऊबंद शोभेल असा कासविंदा. दोघांच्या पानांत आणि शेंगांत बारीक फरक. उत्तर प्रदेशातल्या बिजनौरच्या बाजूला दरवर्षी लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची. बरीच वर्षं तो व्हायरसने होणारा मेंदूज्वर मानला गेला. २००० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. लोकांना सावध केल्यावर ते मृत्यू कमी झाले.

कंद कुणाचा? कळलावीचं फूल लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं, इतकं देखणं की तमिळनाडूने त्याला राज्यफूल केलंय. पण तिचा कंद जहाल विषारी. फूल नसताना नुसता कंद हातात आला तर रताळं किंवा रानकंद समजून माणूस फसतो. श्रीलंकेत अशा विषबाधा झाल्या आहेत. त्यातलं विष म्हणजे कोल्चिसिन. गंमत म्हणजे हेच कोल्चिसिन अगदी थोड्या मात्रेत गाऊट नावाच्या सांधेदुखीवरचं औषध आहे.

किती दिवस? लाखेची डाळ, विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, ती पाणी नसतानाही तग धरते. म्हणून दुष्काळात बाकी काही नसलं की ती उरते. एक-दोनदा खाल्ली तर काही होत नाही. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की काही लोकांचे पाय कायमचे लुळे पडतात. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातल्या दुष्काळांनंतर अशी गावंच्या गावं इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवली होती.

पाऊस कसा आहे? हा मुद्दा तर खास माणदेशाचा. ज्वारी म्हणजे आपलं रोजचं अन्न. पण पाऊस ताणला आणि कोवळी ज्वारी खुरटली की तिच्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य वाढतं. अशी ज्वारी चरली की जनावर काही वेळात आडवं होतं. जित्राब पाळणाऱ्या माणसाला हे अनुभवाने माहीत असतं. इजिप्तमध्येही कोवळी ज्वारी खाऊन जनावरं मरायची, त्याचा शोध घेताना डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये हे द्रव्य वेगळं करून दाखवलं. म्हणजे कीर्तिकर इकडे विषारी वनस्पतींवर लिहीत होते त्याच सुमारास. माठाच्या जातीतली तणंही पाण्याचा ताण पडला की नायट्रेट साठवतात, म्हणून पशुवैद्य दुष्काळात जनावरांच्या चाऱ्याबद्दल सावध करतात.

म्हणजे ज्या वर्षी रानाची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच वर्षी रान सगळ्यात जास्त बेभरवशाचं झालेलं असतं. दुष्काळात माणूस अनोळखी वनस्पतीकडे वळतो, आणि ओळखीची वनस्पतीही पूर्वीसारखी राहिलेली नसते.

विष लिहिणारा कवी

कीर्तिकर दिवसभर विषारी बिया तपासायचे म्हणजे माणूस रुक्ष असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं.

ते मराठीत कविता लिहायचे. इंग्रज कवी टेनिसन यांच्या ‘द प्रिन्सेस’ या दीर्घकाव्याचं त्यांनी ‘इंदिरा’ नावाने मराठी रूप केलं, ते १८८४ मध्ये आलं. मूळ काव्याचा विषय स्त्रियांचं विद्यापीठ. मुलींनी शाळेत जावं की नाही यावर वाद चालू असण्याच्या काळात एका सर्जनला हे काव्य मराठीत आणावंसं वाटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

१९०९ मध्ये बडोद्याला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांच्या आधीच्या वर्षीचे अध्यक्ष होते चिंतामण विनायक वैद्य आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष हरि नारायण आपटे. ही नावं बघितली की कीर्तिकरांची उंची कळते.

पण त्यांच्या मनात एक मोठं काम शिल्लक होतं. विषारी वनस्पतींवर लिहून झालं होतं, आता भारतातल्या सगळ्या औषधी वनस्पतींवर एकच मोठा ग्रंथ करायचा होता. नावं, वर्णन, उपयोग आणि शक्य तितक्या वनस्पतींची चित्रं असलेला.

या कामात त्यांना जोडीदार मिळाला एक बंगाली डॉक्टर, मेजर बामनदास बसू. हेही आयएमएसमधले. १८६७ चा जन्म, म्हणजे कीर्तिकरांपेक्षा अठरा वर्षांनी लहान. बसूंची बरीच नोकरी मुंबई इलाख्यात झाली होती. पुढे त्यांनी इतिहासलेखन केलं, त्यात साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्याचं इंग्रजांनी काय केलं यावरचं ‘स्टोरी ऑफ सातारा’ हे पुस्तकही आहे. निवृत्तीनंतर ते अलाहाबादला राहायला गेले. तिथे त्यांच्या घरच्यांनी पाणिनी ऑफिस नावाची प्रकाशनसंस्था उभी केली होती.

एक जण मुंबईला, एक अलाहाबादला, आणि मधे हजारो वनस्पती. काम वर्षानुवर्षं चाललं.

ग्रंथ आला, लेखक नव्हता

१९१७ मध्ये कीर्तिकर गेले. ग्रंथ अजून वाचकांच्या हातात पडला नव्हता.

बसूंनी तो तडीला नेला. १९१८ मध्ये पाणिनी ऑफिसने ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ प्रसिद्ध केला. मजकुराचे जाडजूड खंड आणि सोबत हजाराहून जास्त चित्रपट. मुखपृष्ठावर पहिलं नाव कीर्तिकरांचं. ज्याने आयुष्य यात घातलं त्याने तो छापलेला पाहिला नाही.

१९३० मध्ये बसूही गेले. पण ग्रंथ थांबला नाही. १९३० च्या दशकात त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. ती तयार केली तिघांनी: मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर, हाफकिन इन्स्टिट्यूटमधले फादर कायुस आणि डॉ. म्हसकर.

यातल्या कायुस आणि म्हसकर यांनी आणखी एक काम केलं होतं. साप चावल्यावर गावोगाव जी पाळंमुळं देतात, अशा शेकडो वनस्पती त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या. निष्कर्ष सरळ होता: सापाच्या विषावर यातली एकही उपयोगी नाही. परंपरेने सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही आणि परंपरेने सांगितलं म्हणून हसायचंही नाही, तपासून बघायचं. दुसऱ्या आवृत्तीला हात लावणारी माणसं या मुशीतली होती.

आज भारतीय औषधी वनस्पतींवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. शेवटच्या यादीत ‘कीर्तिकर आणि बसू’ ही जोडी सापडण्याची शक्यता दांडगी. मूळ ग्रंथाची पुनर्मुद्रणं अजून निघतात.

पण महाराष्ट्रात हे नाव किती जणांना माहीत आहे? साहित्याच्या लोकांना ते अध्यक्षांच्या यादीत दिसतात, वनस्पतींच्या लोकांना संदर्भसूचीत. दोन्ही कीर्तिकर एकच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मग रानभाजी खायची की नाही?

खायची. नक्की खायची. रानभाज्यांमध्ये लोह, कॅल्शियम, तंतू भरपूर असतात आणि त्या फुकट मिळतात. माणदेशासारख्या भागात तर पिढ्या या भाज्यांवर तगल्या आहेत. कीर्तिकरांनी विषारी वनस्पतींची नोंद केली ती माणसांनी रानाकडे पाठ फिरवावी म्हणून नाही.

फक्त काही गोष्टी पाळायच्या.

जी भाजी तुमच्या भागातली जाणती माणसं खातात आणि तुम्हाला प्रत्यक्ष झाडावर दाखवतात, तीच खा. फोटो बघून ओळखू नका. फोटोत चीक दिसत नाही, वास येत नाही, मूळ दिसत नाही.

कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कसा शिजवून, हे तिन्ही विचारा. नुसतं नाव विचारून भागत नाही.

निवडताना एकेक काडी बघा. तांदुळज्याच्या जुडीत धोतऱ्याचं कोवळं पान आलं तर लक्षात येत नाही. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, माणूस असंबद्ध बडबडायला लागणं, ही धोतऱ्याची लक्षणं.

तणनाशक मारलेल्या बांधावरची, सांडपाण्याच्या कडेची आणि हायवेलगतची भाजी ओळखीची असली तरी घेऊ नका. हा धोका कीर्तिकरांच्या काळी नव्हता, आज आहे.

लहान मुलांना मोगली एरंडाच्या बियांपासून लांब ठेवा. चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि अख्ख्या वर्गाला उलट्या सुरू होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. अशा बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात.

आणि एवढं करूनही काही झालंच, तर घरगुती उतारे शोधत बसू नका, मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. जाताना जे खाल्लं त्याची फांदी, पान, बी, उरलेली भाजी, जे हाताला लागेल ते पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरने ते झाड ओळखलं तर उपचाराची दिशा लगेच ठरते.

ठाण्याच्या त्या सिव्हिल सर्जनला हेच हवं होतं: समोर आलेलं पान बघून दवाखान्यातल्या माणसाला ते कशाचं आहे हे सांगता यावं, आणि रोगी वाचावा.